मस्टँग ड्रॅगसाठी बांधायचीय? इंजिन शेवटी, मागचं चाक आधी

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या एकाने १९८९ सालची मस्टँग एलएक्स घेतली आहे. ५.० लिटरचं व्ही-८ इंजिन, टी-५ मॅन्युअल गिअरबॉक्स, गाडी जवळपास मूळ अवस्थेत. ड्रॅग शर्यत, म्हणजे उभ्या जागेवरून सरळ ट्रॅकवर सुटून पाव मैल (४०२ मीटर), बारा सेकंदांच्या आत काढायचीय. काम घरच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवारी. इंजिनचं काम आधी काढू का, डोकेदुखी नेमकी कुठे असते आणि एवढा उपद्व्याप करून हाती काय लागतं, असं विचारलं आहे.

पहिल्याचं उत्तर: नाही. इंजिनला हात सगळ्यात शेवटी. ड्रॅगची गाडी मागच्या टायरपासून पुढे बांधत यायची असते, आणि या छंदातला निम्मा मनस्ताप हा क्रम उलटा केल्याने होतो.

आधी हिशेब करून घ्या. चालकासकट गाडीचं वजन पौंडात घ्या, त्याला इंजिनच्या अश्वशक्तीने भागा, आलेल्या आकड्याचं घनमूळ काढा आणि ५.८२५ ने गुणा. पाव मैलाची वेळ सेकंदांत मिळते. तुमची गाडी चालकासकट ३२५० पौंड धरू. फोर्डने या इंजिनची शक्ती २२५ सांगितली होती. उत्तर येतं १४.२, आणि चांगल्या हातात मूळ गाड्या साधारण तिथेच धावतात. ११.९ हवी असेल तर ३८० च्या आसपास अश्वशक्ती लागेल. म्हणजे दीडशेची भर. ५.० साठी हा आकडा अजिबात अवघड नाही. सिलिंडर हेड, कॅमशाफ्ट, इनटेक मॅनिफोल्ड बदललं की होतं, बाजारात सगळं तयार मिळतं. म्हणूनच लोक तिथून सुरुवात करतात.

घोडं अडतं ते पुढे. हे सूत्र धरून चालतं की शक्ती जमिनीवर उतरते आहे. ३८० अश्वशक्तीची गाडी रस्त्यावरच्या टायरवर सोडली, तर पहिल्या साठ फुटांना २.१ सेकंद खाते आणि शेवटी साडेबाराच्या पुढेच राहते. साठ फुटांत वाचवलेला दशांश सेकंद शेवटच्या रेषेवर दीड ते दोन दशांश होऊन मिळतो. इंजिनात तेवढाच फरक पाडायला पंधरा-वीस अश्वशक्ती लागतात.

म्हणून टायर. मागे १५ इंची रिम आणि २६ इंच उंच, साडेआठ इंच रुंद स्लिक (खाचा नसलेला शर्यतीचा टायर), बॉडीला फारसं न कापता बसतो. मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर बायस स्लिकच घ्या, म्हणजे आतले धागे तिरपे विणलेला. त्याची बाजू सुरकुतते आणि क्लच सोडतानाचा धक्का गिळते. ड्रॅग रेडियल ऑटोमॅटिकबरोबर छान चालतो, क्लचबरोबर तो एक तर धरतो नाहीतर सोडून देतो, मधलं काही नाही. स्लिकला १२ ते १४ पीएसआयवर सुरुवात, रेडियलला १६ ते १८. पुढे रेडियल आणि मागे बायस ही जोडी मात्र शेवटच्या दोनशे फुटांत वळवळते, त्यामुळे पुढचे अरुंद टायरही बायसच लावा. रिम बदललं की मूळ स्टड बहुधा आखूड पडतात. नटात शिरलेली आट्यांची लांबी किमान स्टडच्या व्यासाइतकी हवी, आणि तपासणीत ती दिसावी म्हणून नट उघड्या तोंडाचे घ्या.

आता मनस्तापाकडे वळू, कारण तो इथूनच सुरू होतो. टायर घसरतो तोवर तो अख्ख्या गाडीचा फ्यूज असतो. तो घसरायचा थांबला की दुसरं काहीतरी फ्यूज होतं. टी-५ ची तिसऱ्या गिअरची जोडी जाते. ती वाचली तर मागचा एक्सल पिळवटतो. एक्सल मजबूत केला की त्याचे दांडे बॉडीला जोडणाऱ्या टॉर्क बॉक्सचा पत्रा फाटतो. प्रत्येक दुरुस्ती कमकुवत जागा एक घर पुढे सरकवते, ती नाहीशी करत नाही. हे गृहीत धरून पैसे ठेवले तर त्रास निम्मा होतो. एकूण रकमेचा पाचवा भाग सुरुवातीलाच बाजूला काढा आणि मोडतोड होईपर्यंत त्याला हात लावू नका.

या गाडीचा मागचा एक्सल ८.८ इंचाचा (हा आतल्या मोठ्या गिअरचा व्यास). मूळ धरून चांगला आहे, फेकून फोर्डचाच नऊ इंची एक्सल घ्यायची गरज या पातळीवर नाही. पण त्यात तीन दुखणी आहेत. एक, एक्सल शाफ्ट २८ स्प्लाइनचे, म्हणजे टोकाला २८ खाचांचे. ३१ स्प्लाइनचे शाफ्ट आणि त्याला जुळणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल घ्या. दोन, शाफ्ट आत सी-क्लिपने अडकवलेले असतात. शाफ्ट क्लिपच्या बाहेरच्या बाजूला तुटला तर चाक, ब्रेक ड्रम आणि शाफ्टचा तुकडा असं सगळं गाडीबाहेर पडतं. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमात १०.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला वेगळी पकड सक्तीची आहे, तरी स्लिकवर क्लच सोडणाऱ्याने ती आधीच करून घ्यावी. तीन, एक्सलच्या नळ्या बिडाच्या मधल्या घरात दाबून बसवून फक्त प्लग वेल्ड केलेल्या असतात. जोर आला की त्या घरात फिरतात. त्या गोल वेल्ड करून घ्यायच्या. बीड असल्याने आधी तापवून, निकेल रॉडने, आणि हळूहळू थंड होऊ देऊन. घाईत केलेला वेल्ड दुसऱ्या दिवशी शेजारून तडकलेला दिसतो.

क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलमधला मोठा आणि छोटा गिअर, घरी बसवणार असाल तर एक अख्खा शनिवार त्याला द्या. यात चूक झाली की ती ऐकू येते. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) ठरते, क्राउनचा खेळ दोन्ही बाजूंच्या शिमने. डायल गेज लावून खेळ ०.००८ ते ०.०१२ इंचांत आणा आणि क्राउन फिरवून किमान चार ठिकाणी मोजा. चारही आकडे सारखे येत नसतील तर क्राउनखाली कचरा आहे किंवा बोल्ट एकसारखे ओढलेले नाहीत. मग दातांना पिवळा रंग लावून छाप बघा. छाप दाताच्या मध्यावर हवी. पिनियन जास्त आत गेला तर छाप दाताच्या बुडाकडे सरकते, कमी गेला तर टोकाकडे. छाप चुकली तर नुसता बाजूचा खेळ बदलून ती सुधारेल या आशेवर वेळ घालवू नका, पिनियन बाहेर काढून शिम बदलाच. प्रत्येक वेळी बेअरिंग दाबून काढायला लागू नये म्हणून जुन्या बेअरिंगचं भोक जरा घासून मोठं करून ते मापापुरतं वापरतात. ही युक्ती दोन तास वाचवते.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते पिनियन नटवर. मध्ये एक चिरडणारी नळी असते, क्रश स्लीव्ह. नट ओढत गेलं की ती दबते आणि बेअरिंगवर ताण येतो. नव्या बेअरिंगला फिरवायचा जोर १६ ते २९ इंच-पौंड हवा. लक्षात घ्या, इंच-पौंड. फूट-पौंडाचा पाना इथे काही सांगत नाही. नळी दबायला सुरुवात होण्याआधी नट दगडासारखा लागतो, मग एकदम हलू लागतो आणि अर्ध्या इंचाच्या हालचालीत ५ वरून ४० इंच-पौंडावर जातो. जास्त झालं म्हणून नट सैल करून भागत नाही, चिरडलेली नळी परत उभी राहत नाही. नवी घाला. दोन नळ्या आणून ठेवा म्हणतो ते त्यासाठी, कारण शनिवारी संध्याकाळी दुकान बंद असतं. ड्रॅगसाठी भरीव स्पेसर अधिक बरा, पण तो शिम लावून जुळवायला चिकाटी लागते. लिमिटेड स्लिपच्या तेलात ४ औंस फ्रिक्शन मॉडिफायर विसरू नका, आणि नवे गिअर थंड असताना पहिल्याच दिवशी ताणू नका: पंधरा मिनिटं शांत चालवा, पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा.

मागच्या गिअरचं गुणोत्तर कोणतं? सूत्र पुन्हा सोपं: शेवटच्या रेषेवरचा वेग मैलांत, गुणिले गुणोत्तर, गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचांत. ११४ मैल, ४.१०, २६ इंची टायर घेतलं तर इंजिनचे मिनिटाला ६०४० फेरे येतात. ३.७३ ने ५४९५. हेड-कॅम बदललेलं ५.० साधारण सहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे जोर देतं, म्हणून ४.१०. इंजिन मूळ ठेवणार असाल तर ३.७३ पुरे, मूळ इंजिनचा श्वास पाच हजारांनंतर संपतो.

टॉर्क बॉक्स म्हणजे कंट्रोल आर्म, मागचा एक्सल धरणारे दांडे, बॉडीला जिथे जोडले जातात ते पत्र्याचे खोके. या मॉडेलचं हे जगजाहीर दुखणं आहे. मागची सीट आणि कारपेट काढा, वरच्या आर्मच्या बोल्टभोवतीचं सीलर खरवडा आणि टॉर्च तिरपी धरून बघा. स्पॉट वेल्डभोवती केसासारखी रेघ दिसेल, कधी तिच्या कडेने गंजाची तांबूस धूळ. पत्रा नुसता वेल्डने भरला तर तडा शेजारून नव्याने निघतो. पूर्ण खोक्यावर जाड पट्ट्यांचं तयार किट वेल्ड करा, वर आणि खाली दोन्हीकडे. जवळच इंधनाची टाकी आणि नळ्या आहेत, टाकी उतरवल्याशिवाय वेल्डर लावायचा नाही. सबफ्रेम कनेक्टर, म्हणजे पुढची-मागची चौकट जोडणारे दांडे, तेही याच वेळी. ते वेल्ड करताना गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे. गाडी मधोमध स्टँडवर टांगून वेल्ड केलं तर लोंबलेली बॉडी तशीच कायमची पक्की होते आणि मग दरवाजे लागत नाहीत.

मागचे खालचे-वरचे आर्म चांगल्या बुशचे घ्या. उजव्या स्प्रिंगमध्ये रबरी एअर बॅग टाका. सुटताना ड्राइव्हशाफ्टच्या पिळामुळे मागचं उजवं चाक हलकं होऊ पाहतं, बॅग ते दाबून धरते. १० पीएसआयपासून सुरू करा, गाडी सरळ सुटेपर्यंत थोडी थोडी बदला. पुढचा अँटी-रोल बार काढला की नाक उचलतं आणि वजन मागे जातं. रोजच्या रस्त्यावर मात्र तशी गाडी वळणात झोके खाते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. वजनाचा सर्वसाधारण हिशेब १०० पौंडांना दशांश सेकंद असा आहे, आणि पुढचं वजन आधी काढायचं: एसी, बंपरमागचं लोखंड, जड बॅटरी मागे.

गिअरबॉक्सचा निर्णय सगळ्यात खर्चिक. १९८९ चा टी-५ फोर्डच्या हिशेबाने २६५ फूट-पौंडांपुरता आहे आणि तुमचं मूळ इंजिनच ३०० देतं. रस्त्यावर टायर घसरत असल्याने तो इतकी वर्षं टिकला. स्लिकवर तो किती खेपा टिकेल हे नशीब. मॅन्युअलचाच हट्ट असेल तर जास्त क्षमतेचा बॉक्स घ्या. बारा सेकंद हे खरं ध्येय असेल तर फोर्डचा जुना सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावा. हलका आहे, शक्ती कमी खातो, आणि मुख्य म्हणजे दर खेपेला सारखंच वागतो. ३५०० फेऱ्यांच्या आसपास पकडणारा १० इंची टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) या इंजिनाला बसतो. ड्राइव्हशाफ्टचं गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक, टी-५ चा २८ स्प्लाइनचा योक, सी-४ ला चालतो, ड्राइव्हशाफ्टची लांबी मात्र मोजूनच ठरवा. स्टार्टर ऑटोमॅटिकचा लागेल.

सी-४ लावताना दोन जागी लोक हमखास चुकतात. पहिली फ्लेक्सप्लेट, इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी दातेरी चकती. या इंजिनसाठी तिच्यात मुद्दाम ठेवलेला असमतोल ५० औंस-इंचाचा, याच मापाच्या जुन्या ३०२ इंजिनचा २८ चा. भंगारातून आणलेल्या सी-४ बरोबर जुनी प्लेट येते, भोकं जुळतात, आणि इंजिन सुरू होताच सगळी गाडी थरथरते. मग लोक इंजिन माउंट बदलत बसतात. प्लेटचे दातही बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनला टेकणारं तोंड) बघून घ्या, १५७ की १६४. दुसरी जागा कन्व्हर्टर. तो बॉक्सच्या तोंडात ढकलत फिरवायचा, आणि तो पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने आत बसतो: स्टेटरचा शाफ्ट, इनपुट शाफ्ट, शेवटी पंपाच्या खाचा. शेवटचा टप्पा न उतरताच बॉक्स इंजिनला लावला, तर बेलहाउसिंग आणि ब्लॉकमध्ये बोटभर फट राहते. ती बोल्ट ओढून मिटवायची नाही. ओढलात की पंप फुटतो, इंजिन सुरू करायच्या आधीच. बेलहाउसिंग हाताने ब्लॉकला टेकलं पाहिजे, आणि त्यानंतर कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेटमध्ये साधारण ३ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे, जी तुम्ही कन्व्हर्टर पुढे ओढून भराल. जागा शून्य असेल तर कन्व्हर्टर आत बसलेलाच नाही. तेल थंड करायचा वेगळा कूलरही लावा, साडेतीन हजारांचा कन्व्हर्टर तेल भाजून काढतो.

आता इंजिन, आणि इथे मी मुद्दाम थोडक्यात आटोपतो, कारण यावर माहितीचा पूर आहे. मूळ हेड श्वास कोंडतात, अॅल्युमिनियमचे तयार हेड घ्या. पैसे कमी असतील तर १९९६ ते २००१ मधल्या फोर्ड एक्सप्लोरर ५.० चे जीटी-४० किंवा जीटी-४०पी हेड आणि तोच इनटेक भंगारात शोधा. फक्त 'पी' हेडना प्लगचा कोन वेगळा असल्याने हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) त्यांच्यासाठीचेच लागतात. इनटेकला पुढे-मागे येणारी बुचाची पट्टी फेकून द्या, तिथे सिलिकॉनचा जाड दोरा घाला, नाहीतर मागून गळणारं तेल क्लचवर किंवा कन्व्हर्टरवर ठिबकतं आणि लोक क्रँकचं सील बदलतात. कॅम मोठा असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का ते तपासणं टाळू नका: पिस्टनवर मातीचा गोळा, हलक्या स्प्रिंग, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे, मग गोळा कापून मोजायचं. इनटेकला ०.०८०, एक्झॉस्टला ०.१०० इंच किमान. हेडचे बोल्ट ७/१६ चे, मूळ मापाने शेवटचा टप्पा ६५ ते ७२ फूट-पौंड.

ठिणगीचं टायमिंग लावताना डिस्ट्रिब्युटरजवळचा छोटा स्पाउट कनेक्टर उपटायचा. तो जागेवर ठेवून टायमिंग लाइट मारली तर कॉम्प्युटरने पुढे नेलेलं टायमिंग दिसतं आणि तुम्ही डिस्ट्रिब्युटर भलतीकडे फिरवता. मूळ १० अंश, चांगल्या पेट्रोलवर १२ ते १४ चालतं. झाल्यावर कनेक्टर परत लावा. न लावता ट्रॅकवर गेलेल्या गाड्या आवाज नीट करतात आणि चालत नाहीत. डिस्ट्रिब्युटरवरचा टीएफआय (इग्निशनचा) मॉड्यूल गरम झाला की गाडी बंद पडते, गार झाली की सुरू होते, आणि मेकॅनिककडे नेईपर्यंत आजार गायब. सुटा मॉड्यूल, साडेपाच मिलिमीटरचा पातळ बॉक्स पाना आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट डिकीत ठेवा. साधं विजेचं ग्रीस लावलं तर मॉड्यूल लवकरच मरतो.

आणि वरची मर्यादा. मूळ ब्लॉक चाकांवर पाचशे अश्वशक्तीच्या आसपास मधोमध उभा चिरतो. ३८० ला तुम्ही सुखरूप आहात. बारा सेकंद झाल्यावर कुणी नायट्रस किंवा टर्बोचं सुचवेल, तेव्हा हा आकडा आठवा.

तपासणीत अडकू नये म्हणून काही गोष्टी. १३.९९ सेकंद आणि त्याहून वेगवान गाडीला स्नेल या सुरक्षा चाचणी संस्थेने प्रमाणित केलेलं हेल्मेट लागतं, आणि स्लिक असतील तर ड्राइव्हशाफ्टखाली लूपही: पुढच्या युनिव्हर्सल जॉइंटपासून सहा इंचांच्या आत, पट्टी २ इंच रुंद आणि पाव इंच जाड. लूप का, तर पुढचा जॉइंट तुटला की शाफ्टचं टोक जमिनीत रुतून गाडी उचलतं. रेडिएटरला किमान १६ औंसांचा कॅच कॅन. फुल पँट, बंद बूट. ११.४९ ला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी नळीची कमान) सक्तीचा होतो, मॅन्युअल गाडीला प्रमाणित क्लच, फ्लायव्हील आणि बेलहाउसिंगही. तुमचं ध्येय ११.९ आहे म्हणून बार सक्तीचा नाही. पण टॉर्क बॉक्ससाठी सीट आणि कारपेट उघडंच असताना तो वेल्ड करून घेणं शहाणपणाचं. दुसऱ्यांदा कारपेट काढायला कोणाचं मन होत नाही. फक्त बारला जाड पॅडिंग हवं, कारण हेल्मेटशिवाय रस्त्यावर डोकं त्यावर आपटलं तर अपघातापेक्षा बारच घात करतो.

बॅटरी डिकीत नेली तर गाडीच्या मागे बाहेरून बंद करता येणारा मुख्य स्विच लागतो. तपासनीस इंजिन चालू ठेवून तो स्विच दाबतो, आणि दहातल्या निम्म्या गाड्या चालूच राहतात. कारण फक्त बॅटरीची वायर स्विचमधून नेलेली असते, अल्टरनेटर इंजिनला वीज पुरवत राहतो. अल्टरनेटरची चार्जिंगची वायरही थेट स्विचच्या बॅटरीकडच्या टोकाला न्या, म्हणजे स्विच दाबताच दोन्ही पुरवठे एकदम तुटतात.

मग मिळतं काय? एक कागदाची चिठ्ठी. टाइम स्लिप. आणि ती खोटं बोलत नाही, हाच आनंद आहे. समजा पहिल्या फेरीत तिच्यावर साठ फुटांना १.९५, अष्टमांश मैलाला ८.१५ सेकंद आणि ८७ मैल वेग, पाव मैलाला १२.६ आणि १०९ मैल असं आलं. स्लिकचा दाब १४ वरून १२ केला, बाकी कशालाही हात लावला नाही. पुढची चिठ्ठी: १.७०, ७.८०, १२.२, आणि वेग तोच १०९. वेग म्हणजे शक्ती, वेळ म्हणजे सुटणं. वेग हलला नाही, म्हणजे इंजिन तेच; मिळालेले चार दशांश सगळे टायरने दिले. उलट साठ फूट तेच आणि अष्टमांशाला ८७ असूनही शेवटी १०९ ऐवजी १०४ दिसले, तर गाडी वरच्या भागात दम सोडतेय: इंधनाचा दाब पडतोय किंवा व्हॉल्व्ह स्प्रिंग दमल्यात. अष्टमांशाच्या वेगाला १.२५ ने गुणून पाव मैलाचा वेग येतो का ते बघायची सवय लावा. बॉनेट उघडायच्या आधी आजार कुठे आहे ते कळतं.

म्हणून एका वेळी एकच बदल. दाब, शॉकची क्लिक, सुटतानाचे फेरे, काहीही असो, एकच. वहीत तपमान, आर्द्रता आणि हवेचा दाबही लिहा; ऑगस्टच्या दमट दुपारी आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी तीच गाडी दोन-तीन दशांशांनी वेगळी धावते. हे न लिहिणारे ऑक्टोबरात नव्या एअर फिल्टरचं कौतुक करत फिरतात.

ज्याला खरी चटक लागते, त्याला ती वेगापेक्षा सारखेपणाची लागते. ब्रॅकेट रेसिंगमध्ये तुम्ही स्वतःच वेळ सांगता, म्हणा १२.२०, आणि हळू गाडीला तेवढी आघाडी मिळते. सांगितल्यापेक्षा वेगात गेलात तर बाद. म्हणजे १४ सेकंदांची कौटुंबिक गाडी ९ सेकंदांच्या गाडीला हरवू शकते, आणि हरवतेही. तिथे साठ फूट १.७०, १.७०, १.७१ अशी ओळ काढणारी गाडी ज्याने बांधली, त्याला एक्सलपासून कन्व्हर्टरपर्यंतचा प्रत्येक शनिवार त्या ओळीत दिसतो. हे बाहेरच्याला समजावणं कठीण आहे. घरी चिठ्ठी दाखवली तर 'एवढंच?' असं ऐकायची तयारी ठेवा.

जायचं कुठे: तुमच्या घराशेजारचा इंग्लिशटाउनचा ट्रॅक २०१८ च्या जानेवारीत ड्रॅगसाठी बंद झाला, अॅट्को २०२३ मध्ये. तुम्हाला सोयीचा आता ग्रेट मेडोजचा आयलंड ड्रॅगवे, १९६० पासूनचा. थोडं लांब चालत असेल तर पेनसिल्व्हेनियात रेडिंगजवळ मेपल ग्रोव्ह. शर्यतीच्या दिवशी नाही, सरावाच्या दिवशी जा, आणि निघण्याआधी त्या वर्षीचं नियमपुस्तक ट्रॅककडून बघून घ्या. पहिली फेरी अर्ध्या जोराने सोडा आणि अष्टमांशाला पाय काढा. पिटमध्ये परत आलात की इंजिनकडे बघूच नका. चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा ओढा, गाडी जॅकवर घ्या, पिनियन सीलभोवती तेल आहे का ते बोट फिरवून बघा, आणि टॉर्च घेऊन आत वरच्या टॉर्क बॉक्सच्या वेल्डवर रंग तडकलाय का ते तपासा. रंग अखंड असेल तर पुढची फेरी पूर्ण सोडा.